ब्रिटनच्या राजाचा खर्च कोण भागवतं? करदात्याला तो नेमका किती पडतो?

चौकस:

ब्रिटिश राजघराण्याच्या पैशाबद्दल एकमेकांना छेद देणारे दावे वाचले. एक म्हणतो, राजा आपल्या जमिनींचं उत्पन्न सरकारजमा करतो आणि सरकार त्यातला लहानसा वाटा त्याला परत करतं. म्हणजे करदात्याला तोशीस नाहीच, उलट फायदा. दुसरा म्हणतो, हे घराणं वर्षाला ५१ कोटी पौंडांना पडतं. सरकारी कागदावर २०२४-२५ चं अनुदान ८ कोटी ६३ लाख पौंड आहे आणि पुढच्याच वर्षी ते १३ कोटी २१ लाख झालं. एका वर्षात ५३ टक्के वाढ.

मला चार गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. या जमिनी खरंच राजाच्या आहेत का? अनुदान कसं ठरतं? अनुदानाबाहेर काय राहतं? आणि राजा कर भरतो का? राजा असावा की नसावा हा वाद इथे नको, हिशेब हवा आहे.

जमाखर्च:

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत देतो, पण आधी थैल्या वेगळ्या करायला हव्यात. होळकरशाहीत दौलतीचा पैसा आणि खासगीचा पैसा वेगळा असे. १७३४ मध्ये गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर तोडून दिली गेली, आणि अहिल्याबाईंनी देशभर घाट, देवळं, धर्मशाळा बांधल्या त्या या खासगीतून. लंडनमध्येही अशीच विभागणी आहे. फक्त तिथे दोनाऐवजी तीन थैल्या आहेत आणि बहुतेक लेखांत त्या एकमेकींत ओतल्या जातात.

पहिली थैली क्राउन इस्टेट, म्हणजे राजमुकुटाच्या नावावरची मालमत्ता. लंडनच्या रीजंट स्ट्रीटचा मोठा भाग (त्यातला चौथाई वाटा २०११ पासून नॉर्वेच्या सरकारी निधीकडे आहे), सेंट जेम्सचा परिसर, विंझर ग्रेट पार्क, अ‍ॅस्कॉटचं रेसकोर्स, शेतजमिनी, आणि इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्रतळ. स्कॉटलंडमधली मालमत्ता २०१७ पासून वेगळी झाली आणि तिचा नफा स्कॉटिश सरकारकडे जातो. क्राउन इस्टेटचा कारभार १९६१ च्या कायद्याने नेमलेले आयुक्त पाहतात आणि नफा पै न पै अर्थखात्याकडे जमा होतो.

दुसरी थैली सॉव्हरिन ग्रँट, म्हणजे तुम्ही म्हणता ते अनुदान. ही अर्थखात्याकडून येते. नोकरवर्गाचे पगार, बकिंगहॅम आणि विंझरसारख्या वापरातल्या राजवाड्यांची देखभाल, अधिकृत प्रवास, मेजवान्या, वीज-गॅस हे सगळं तिच्यातून. राजाचा पगार म्हणून यात काहीही नसतं.

तिसरी थैली खासगी, म्हणजे दोन डची (जुन्या जहागिरी): डची ऑफ लँकेस्टरचं उत्पन्न राजाला, डची ऑफ कॉर्नवॉलचं युवराजाला.

आता गणित. २०११ च्या कायद्याने अनुदानाची रक्कम क्राउन इस्टेटच्या दोन वर्षं आधीच्या नफ्याच्या टक्केवारीवर ठरते. सुरुवातीला १५ टक्के. २०१७-१८ पासून २५ टक्के, कारण बकिंगहॅम पॅलेसच्या दुरुस्तीसाठी दहा टक्के वाढवले. २०२४-२५ पासून १२ टक्के. निघालेला आकडा एक लाखाच्या पटीत घेतात. मात्र एक अट आहे: या वर्षीची रक्कम गेल्या वर्षीपेक्षा कमी असता कामा नये. गाडी उचलायच्या जॅकला खटका असतो, दांडा दाबला की वर चढतो पण मागे घसरत नाही, तसंच हे.

२०१९-२० चा नफा ३४ कोटी ५० लाख. त्याचे २५ टक्के म्हणजे २०२१-२२ चं अनुदान, ८ कोटी ६३ लाख. मग कोविडमध्ये दुकानांची भाडी बुडाली आणि २०२०-२१ चा नफा २६ कोटी ९३ लाखांवर आला. सूत्राप्रमाणे २०२२-२३ ला ६ कोटी ७३ लाख मिळायला हवे होते. खटक्यामुळे ८ कोटी ६३ लाखच मिळाले. २०२१-२२ चा नफा ३१ कोटी २७ लाख, म्हणजे २०२३-२४ साठी ७ कोटी ८२ लाख. मिळाले पुन्हा ८ कोटी ६३ लाख. २०२२-२३ चा नफा ४४ कोटी २६ लाख झाला, पण तोवर दर १२ टक्क्यांवर आला होता, म्हणून सूत्र सांगतं ५ कोटी ३१ लाख. हातात पडले तेच ८ कोटी ६३ लाख. "चार वर्षं अनुदान गोठवलं होतं" असं जे छापून येतं त्यामागे हे आहे. शब्द ऐकून काटकसर वाटते. प्रत्यक्षात त्यातली तीन वर्षं सूत्रापेक्षा जास्त पैसे दिले गेले. महागाईने त्यातला काही भाग खाल्ला, हेही त्याच वाक्यात सांगितलं पाहिजे.

मग १३ कोटी २१ लाख कुठून आले? समुद्रातून. पवनचक्क्यांसाठी समुद्रतळ राखून ठेवणाऱ्या सहा मोठ्या प्रकल्पांशी जानेवारी २०२३ मध्ये करार झाले. प्रत्यक्ष बांधकामाचा भाडेपट्टा होईपर्यंत त्या कंपन्या दर वर्षी राखणशुल्क भरतात. त्यामुळे २०२३-२४ चा नफा एकदम ११० कोटींवर गेला. त्याचे १२ टक्के म्हणजे १३ कोटी २१ लाख. ही आवक येणार हे दिसत होतं म्हणूनच २०२३ मध्ये दर २५ वरून १२ वर आणला. तो तसाच ठेवला असता तर आकडा साडेसत्तावीस कोटींच्या घरात गेला असता.

टक्केवारी हा फक्त मोजायचा गज आहे, एवढं पक्कं लक्षात ठेवा. पवनचक्क्यांच्या पैशातले १२ टक्के उचलून राजवाड्यात पाठवतात असं होत नाही. नफा पूर्ण अर्थखात्यात जातो आणि अनुदान अर्थखात्यातून वेगळं निघतं. त्या गजाचा राजवाड्याच्या गरजेशी काहीही संबंध नाही, आणि माझ्या मते या कायद्याचा खरा दोष हाच आहे. छप्पर गळतंय म्हणून रक्कम वाढत नाही, उत्तर समुद्रात करार झाला म्हणून वाढते.

कलमदान:

पहिल्या प्रश्नाबद्दल, कारण सगळा वाद तिथूनच फुटतो.

"राजाने आपल्या जमिनी दिल्या" या वाक्यात 'आपल्या' हा शब्द चुकीचा आहे. १७६० मध्ये तिसरा जॉर्ज गादीवर आला तेव्हा त्याने राजमुकुटाच्या जमिनींचं उत्पन्न संसदेकडे सोपवलं आणि बदल्यात वर्षाला ८ लाख पौंडांची नेमणूक घेतली. तिलाच सिव्हिल लिस्ट म्हणत. पण त्या जमिनी कधी घरच्या नव्हत्याच. त्यांच्या उत्पन्नातून राजाने राज्यकारभार चालवायचा असे: न्यायाधीश, वकील-दूत, अधिकारी यांचे पगार त्यातच आले. म्हणजे राजाने उत्पन्न सोडलं तसं हळूहळू जबाबदारीही सोडली. 'हळूहळू' म्हणायचं कारण, मुलकी कारभाराचे खर्च सिव्हिल लिस्टमधून पूर्ण काढले गेले ते १८३० मध्ये. तोवर ८ लाख पुरत नसत. १७६९ मध्ये संसदेला तिसऱ्या जॉर्जचं पाच लाख पौंडांहून जास्त कर्ज फेडावं लागलं.

सोपवण्याची ही प्रक्रिया प्रत्येक नव्या राजाच्या वेळी कायद्याने पुन्हा होत आली. म्हणून काही जण म्हणतात, "पुढच्या राजाने नाही म्हटलं तर?" कागदावर प्रश्न बरोबर आहे. व्यवहारात मालकी 'राजमुकुट' या संस्थेची आहे, ती व्यक्ती किंवा तिच्या वारसांची नाही. चार्ल्स यांना रीजंट स्ट्रीट विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, मृत्युपत्रात लिहून देता येत नाही. बॅलमोरल आणि सँड्रिंगहॅम मात्र खरोखर त्यांची. पहिलं १८५२ मध्ये आणि दुसरं १८६२ मध्ये घराण्यासाठी विकत घेतलेलं. राजेशाही उद्या संपली तर ही दोन घराण्याकडे राहतील. क्राउन इस्टेट राहील असं मानायला आधार नाही.

म्हणून "राजा ११० कोटी देतो आणि १३ कोटी घेतो, म्हणजे ९७ कोटींचा फायदा" ही वजाबाकी मला मान्य नाही. जे राज्याचंच आहे ते राज्याला मिळालं, यात देणगी कोणाची?

आपल्याकडच्या संस्थानिकांच्या तनख्यांशी याची तुलना बरेच जण करतात, त्यातला फरक सांगतो. तनखा म्हणजे विलीनीकरणाच्या कराराने ठरलेली, घटनेच्या २९१ व्या कलमाने हमी दिलेली, प्राप्तिकर माफ असलेली ठरावीक रक्कम. बडोद्याच्या गायकवाडांना २६ लाख ५० हजार, ग्वाल्हेरच्या शिंद्यांना २५ लाख, आणि सौराष्ट्रातल्या कटोडियाच्या संस्थानिकाला वर्षाला १९२ रुपये. त्या बदल्यात कुठलंही काम करायचं नव्हतं. राज्य सोडल्याची ती किंमत होती. सॉव्हरिन ग्रँट ही राजपदाचं काम चालवण्याची रक्कम आहे. तिचा हिशेब संसदेपुढे येतो आणि कंट्रोलर अँड ऑडिटर जनरल ती तपासतात.

बंद करण्याच्या पद्धतीतही फरक पडला असता. तनखे बंद करायला घटनादुरुस्ती लागली. १९७० मध्ये ते विधेयक राज्यसभेत एका मताने पडलं. मग राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढली, तर माधवराव शिंदे यांच्या खटल्यात १५ डिसेंबर १९७० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. शेवटी १९७१ ची सव्विसावी दुरुस्ती. ब्रिटनमध्ये लिखित घटना नाही. अनुदान कमी करायचं की बंद करायचं, साधा कायदा पुरतो.

पैपैसा:

जमाखर्च यांच्या गणितात एक पुरवणी. अनुदानाची रक्कम आणि खर्च हे दोन वेगळे आकडे आहेत. लोक सर्वांत जास्त इथे चुकतात.

न वापरलेले पैसे राखीव निधीत जातात आणि लागतील तेव्हा तिथून काढतात. म्हणून २०२२-२३ मध्ये अनुदान ८ कोटी ६३ लाख असताना निव्वळ खर्च १० कोटी ७५ लाख दिसतो. तिकीटविक्रीतला वाटा, जागाभाडं अशी पूरक कमाई खर्चातून आधीच वजा झालेली असते. तेव्हा अहवाल उघडलात की आधी पाहायचं: आकडा अनुदानाचा की खर्चाचा, खर्च ढोबळ की निव्वळ, आणि वर्ष एप्रिल ते मार्च धरलंय ना. राखीव निधी वर्षाच्या निव्वळ खर्चाच्या साधारण निम्म्याहून फुगू नये हे पाहणं अनुदानाच्या विश्वस्तांचं काम. विश्वस्त तिघे: पंतप्रधान, अर्थमंत्री आणि राजाचे खासगी खजिनदार, म्हणजे कीपर ऑफ द प्रिव्ही पर्स. टक्केवारीचा फेरविचार दर पाच वर्षांनी हेच तिघे करतात. घेणाऱ्याचा माणूस ठरवणाऱ्यांत बसतो ही रचना मला पटत नाही. निदान त्यांच्या फेरविचाराचा अहवाल जाहीर होतो, तो वाचता येतो.

अंदाज चुकला की काय होतं याचं जुनं उदाहरण आहे. १९९० मध्ये सिव्हिल लिस्ट दहा वर्षांसाठी वर्षाला ७९ लाख पौंड ठरवली. तेव्हा महागाई साडेसात टक्के राहील असं धरलं होतं. महागाई त्याहून बरीच कमी राहिली, पैसे उरत गेले आणि दहा वर्षांत सुमारे साडेतीन कोटी पौंड शिल्लक साठली. त्यामुळे २००० मध्ये रक्कम वाढवलीच नाही. पुढची दहा वर्षं ७९ लाख अधिक ती शिल्लक यांवर काढली. २०११ चा कायदा आला तो ही शिल्लक आटत आल्यावर. तोवर सिव्हिल लिस्ट, राजवाड्यांची देखभाल आणि प्रवास अशी वेगवेगळी अनुदानं होती, ती एकत्र केली. पहिल्या वर्षी, २०१२-१३ ला, ३ कोटी १० लाख दिले.

दरडोई हिशेब हवा असेल तर १३ कोटी २१ लाखांना ब्रिटनच्या सुमारे ६ कोटी ९० लाख लोकसंख्येने भागा: माणशी एक पौंड ९१ पेन्स. हा भागाकार सोपा म्हणून तो सगळे करतात. पण भाज्यच अपुरं असेल तर उत्तरही अपुरंच.

तारतंत्री:

बकिंगहॅमच्या दुरुस्तीवर दोन शब्द हवेत, कारण १३ कोटींतला मोठा हिस्सा तिकडे जातो आणि "राजाने घर सजवलं" असा समज आहे.

कामाचं अंदाजपत्रक ३६ कोटी ९० लाख पौंड, मुदत २०१७ पासून दहा वर्षं. काम सगळं भिंतीआडचं: वीज, पाणी, गरम पाण्याचे नळ, सांडपाणी. सुमारे १६० किलोमीटर विजेच्या तारा, ६,५०० सॉकेट, २,५०० रेडिएटर. जुन्या तारांवर रबराचं आवरण होतं. रबर वयाने कडक होतं, तडकतं, आणि उघडी तार लाकडी फरशीखाली राहते. बॉयलर साठ वर्षांचे, सुटे भाग मिळेनासे झालेले. एका राजवाड्याला आग लागली की काय होतं हे २० नोव्हेंबर १९९२ ला विंझरला दिसलं. ती दुरुस्ती ३ कोटी ६५ लाखांना पडली.

हे एवढं थकलं का? देखभाल हा एकच असा खर्च आहे जो यंदा नाही केला तरी यंदा काही दिसत नाही. पगार थकले तर माणसं जातात, गळती थकली तर बादली ठेवतात. मार्च २०१२ मध्ये राजवाड्यांच्या मालमत्तेचा ३९ टक्के भाग अपेक्षित दर्जाच्या खाली होता, असं संसदेच्या लोकलेखा समितीपुढे आलं. त्याच समितीने २०१४ मध्ये राजवाड्याच्या व्यवस्थापनाला कडक शब्दांत सुनावलं होतं.

दहा वर्षं लागण्याचं कारण राजवाडा चालू ठेवून एकेक बाजू रिकामी करत काम करायचं ठरलं हे. सगळा वाडा रिकामा करून काम लवकर उरकता आलं असतं, पण मग मेजवान्या, सन्मान-प्रदान समारंभ, पर्यटक सगळं दुसरीकडे हलवण्याचा खर्च वाढला असता.

खरा धोका पुढे आहे. काम संपलं की जादा पैशाची गरज संपते, पण जमाखर्च यांनी सांगितलेला खटका तसाच असतो. कायद्यात बदल करून आकडा मुद्दाम खाली आणला नाही, तर दुरुस्तीसाठी वाढवलेली रक्कम दुरुस्ती संपल्यावरही चालूच राहील. २०२७-२८ चं अनुदान जाहीर होईल तेव्हा आधी हे तपासा.

पैपैसा:

बरोबर. २०२१-२२ ते २०२४-२५ या काळात ८ कोटी ६३ लाखांतले ३ कोटी ४५ लाख दुरुस्तीचे आणि ५ कोटी १८ लाख रोजच्या कारभाराचे होते. काम संपल्यावर तुलना ५ कोटी १८ लाखांशी करायची, महागाई धरून. १३ कोटी २१ लाखांशी केली तर कितीही ठेवलं तरी कपातच दिसेल.

चौकस:

खूप उलगडलं, आभार. मग ५१ कोटींचा आकडा कुठून येतो? आणि डची, कर यांबद्दल कोणी सांगेल का?

उपरणे:

५१ कोटी हा 'रिपब्लिक' या राजेशाहीविरोधी संघटनेचा २०२४ चा अंदाज. त्यात अनुदानाशिवाय मुख्यतः या गोष्टी धरल्या आहेत: पोलीस संरक्षण, राजघराण्याच्या भेटींसाठी स्थानिक परिषदांना येणारा खर्च, दोन्ही डचींचं उत्पन्न (ते सरकारचं असायला हवं असं गृहीत धरून) आणि राजवाड्यांतली निवासस्थानं भाड्याने दिली असती तर आलं असतं ते भाडं.

यातलं संरक्षण हा निःसंशय करदात्याचा खर्च आहे आणि तो अनुदानात नाही. गृहखात्याच्या आणि पोलिसांच्या अंदाजपत्रकात तो मिसळलेला असतो आणि सुरक्षेच्या कारणास्तव वेगळा छापत नाहीत. म्हणून तिथे कुणाचाही आकडा अंदाजच असतो. मोठे समारंभही अनुदानाबाहेर. राणी एलिझाबेथ यांचा अंत्यविधी आणि त्याआधीचं अंत्यदर्शन सरकारला १६ कोटी १७ लाखांना पडलं. ६ मे २०२३ चा राज्याभिषेक ७ कोटी २० लाखांना, त्यातले २ कोटी १७ लाख बंदोबस्ताचे. असे प्रसंग दर वर्षी येत नाहीत, पण हिशेबात धरले नाहीत तर सरासरी खोटी पडते.

डचींचं उत्पन्न 'खर्च' म्हणून धरायचं का हा तत्त्वाचा प्रश्न आहे, जमाखर्चाचा नाही. हा आकडा वापरायचा तर ही फोड वाचणाऱ्याला सांगूनच वापरावा.

पर्यटनाचा मुद्दा पुढे येईलच म्हणून आधीच लिहितो. राजवाड्याच्या तिकिटांचा पैसा बहुतांशी रॉयल कलेक्शन ट्रस्टकडे जातो आणि कलासंग्रहाच्या जपणुकीवर खर्च होतो. टॉवर ऑफ लंडन वेगळी संस्था चालवते. राजा नसता तर किती पर्यटक कमी आले असते हे मोजायची साधी पद्धत नाही. ती रक्कम वजा करून दाखवणारं कुठलंही गणित मी बाजूला ठेवतो.

आता डची. कॉर्नवॉलची डची तिसऱ्या एडवर्डने १३३७ मध्ये आपल्या मुलासाठी स्थापली. आज सुमारे ५२,००० हेक्टर जमीन, २०२३-२४ ची शिल्लक २ कोटी ३६ लाख पौंड, ती युवराज विल्यम यांना. लँकेस्टरची डची १३९९ पासून राजमुकुटाबरोबर पण स्वतंत्र मालमत्ता म्हणून चालते. २०२३-२४ ची शिल्लक २ कोटी ७४ लाख, ती राजाला. दोघांनाही शिल्लक वापरता येते, मूळ मालमत्ता विकून खाता येत नाही, आणि मोठ्या व्यवहारांना अर्थखात्याची संमती लागते. दोन्ही डची कंपनीकर भरत नाहीत.

इथे सार्वजनिक पैसा एका आडवाटेने येतो, आणि तो कुठल्याच दरडोई आकड्यात दिसत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पत्रकारांनी डचींचे भाडेकरार तपासले तेव्हा भाडेकरूंत सरकारी आरोग्यसेवा, संरक्षण खातं, शाळा अशी नावं निघाली. डार्टमूरचा तुरुंग कॉर्नवॉल डचीच्या मालकीचा. न्यायखात्याने तो लांब मुदतीच्या कराराने घेतलाय, भाडं वर्षाला सुमारे १५ लाख पौंड. २०२४ मध्ये रेडॉन या किरणोत्सारी वायूचं प्रमाण जास्त निघालं म्हणून कैदी हलवले, इमारत रिकामी झाली, भाडं मात्र चालू राहिलं. हा पैसा अनुदानात नाही, क्राउन इस्टेटमध्ये नाही. तो न्यायखात्याच्या जमाखर्चात 'भाडं' म्हणून बसतो.

आणखी एक गोष्ट, मँचेस्टर-लिव्हरपूलकडच्या मराठी मंडळींच्या उपयोगाची. त्या जुन्या लँकेस्टर परगण्यात कोणी मृत्युपत्र न करता आणि जवळचा वारस न ठेवता गेलं, तर ती बेवारस मालमत्ता अर्थखात्याकडे न जाता लँकेस्टर डचीकडे जाते. तिथे नोंदलेली छोटी कंपनी बंद केली आणि बँकेत पैसे विसरले तर तेही तिकडेच. कॉर्नवॉलमध्ये कॉर्नवॉल डचीकडे. दोघी हा पैसा खर्च वजा जाता धर्मादाय निधीत घालतात असं सांगतात. पण मृत्युपत्र करून ठेवणं आणि कंपनी मोडण्याआधी खातं रिकामं करणं हे आपल्या हातात आहे.

कलमदान:

कराचं मी सांगतो. कायद्याने राजाला प्राप्तिकर लागू नाही. विंझरच्या आगीनंतर दुरुस्ती सरकारी पैशाने करायची घोषणा झाली आणि लोक संतापले. त्याच आठवड्यात पंतप्रधान जॉन मेजर यांनी जाहीर केलं की राणी कर भरणार. एप्रिल १९९३ पासून ते सुरू झालं, स्वेच्छेने, एका लेखी समझोत्यानुसार. दुरुस्तीचा बराचसा खर्चही बकिंगहॅम पॅलेस उन्हाळ्यात लोकांना खुला करून तिकिटांतून उभा केला.

आज रीत अशी: सॉव्हरिन ग्रँटवर कर नाही, कारण ते कामाचं अनुदान. लँकेस्टर डचीच्या उत्पन्नातून अधिकृत कामावरचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्यावर प्राप्तिकर. खासगी गुंतवणुकीवरही. युवराजांचंही कॉर्नवॉलबाबत तसंच. चार्ल्स युवराज असताना भरलेल्या कराची रक्कम छापत. विल्यम यांच्या २०२३-२४ आणि २०२४-२५ च्या अहवालांत ती नाही. कर किती खर्च वजा करून काढलाय हे तपासायला ती रक्कम लागते, म्हणून ती छापलीच पाहिजे.

वारसाकर हा मोठा अपवाद. सामान्य माणसाच्या मालमत्तेवर सवातीन लाख पौंडांच्या वर ४० टक्के. राजाकडून राजाकडे जाणाऱ्या मालमत्तेवर शून्य. २०२२ मध्ये बॅलमोरल आणि सँड्रिंगहॅम असेच करमुक्त आले. समर्थन असं दिलं जातं की दर पिढीला ४० टक्के गेले तर राजा आर्थिकदृष्ट्या सरकारचा मिंधा होईल. पण डची अबाधित असताना ते मला पुरेसं वाटत नाही.

जमाखर्च:

तुलनेसाठी दोन देश. स्पेनच्या राजघराण्याची तरतूद वर्षाला ८४ लाख ३१ हजार युरो, युरोपात फार कमी दिसते. पण तिथे राजवाड्यांची देखभाल पात्रिमोनियो नॅसिओनाल ही सरकारी संस्था करते, रक्षकदल आणि परदेश दौरे मंत्रालयांच्या खात्यात. ब्रिटनच्या अनुदानात वाड्यांची देखभाल आत आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून "स्पेन स्वस्त" म्हणणं चूक.

जपानची मांडणी सर्वांत स्वच्छ वाटते. राज्यघटनेच्या ८८ व्या कलमाने सम्राटाची सगळी मालमत्ता राज्याची, आणि खर्च संसदेच्या अंदाजपत्रकातून. सम्राटाच्या घरखर्चाची रक्कम १९९६ पासून वर्षाला ३२ कोटी ४० लाख येन अशी ठरलेली आहे. घराण्यातल्या इतरांचा भत्ता वेगळा, राजवाड्यांचा आणि समारंभांचा खर्च आणखी वेगळा. तीन ओळी, तीन आकडे, नफ्याशी जोडलेलं काही नाही. ब्रिटनमध्येही दर वर्षी गरज मांडा, मंजुरी घ्या असं करता आलं असतं. नफ्याशी सांगड घातली ती दर वर्षी संसदेत वाद नको म्हणून, आणि वाद टाळण्याची किंमत खटक्याच्या रूपात मोजली.

चौकस, तुम्ही स्वतः बेरीज करणार असाल तर क्रम असा ठेवा. आधी त्या वर्षाचा निव्वळ खर्च घ्या, अनुदान नको. त्यात दुरुस्तीचा भाग वेगळ्या ओळीत. मग समारंभ असतील तर सरकारने जाहीर केलेले आकडे. मग संरक्षण, 'अंदाज' असा शेरा मारून. डचींना सरकारी खात्यांकडून जाणारं भाडं शेवटी, कारण ते दुसऱ्या खात्यांत आधीच मोजलेलं असतं आणि दोनदा धरलं जाण्याची भीती असते. क्राउन इस्टेटचा नफा यातून वजा करू नका.

चौकस:

डार्टमूरचं भाडं दोनदा धरलं जाईल ते कसं?

जमाखर्च:

तुरुंग चालवण्याचा खर्च सरकारच्या एकूण खर्चात येतो आणि हे भाडं त्यातच आहे. तुम्ही 'राजघराण्याचा खर्च' म्हणून ते पुन्हा लिहिलंत आणि शिवाय डचीची सगळी शिल्लकही 'बुडालेलं सार्वजनिक उत्पन्न' म्हणून धरलीत, तर तेच १५ लाख डचीच्या बाजूनेही येतात, कारण शिल्लक त्या भाड्यातूनच तयार होते. दोनपैकी एकच ओळ ठेवा.